मानवी हक्क न्यायालयांचे स्वातंत्र्य अभ्यासताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आंतरराष्ट्रीय कायद्याकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. आशियाला स्वतःचे प्रादेशिक मानवी हक्क न्यायालय नाही, त्यामुळे हा विषय आपल्याला कागदपत्रांतूनच शिकावा लागतो आणि तो जड जातो. मला अजूनही जातो.

न्यायाधीशांच्या कार्यकाळापाशी सर्वांत जास्त सावध राहा. फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात पूर्वी सहा वर्षांनी फेरनिवड होऊ शकत असे, म्हणजे आपल्या सरकारने पुन्हा नाव सुचवावे ही अपेक्षा न्यायाधीशाच्या मनात राहण्यास वाव होता; २०१० मध्ये प्रोटोकॉल १४ (युरोपीय मानवी हक्क करारात बदल करणारा पूरक करार) लागू झाला आणि नऊ वर्षांचा एकच कार्यकाळ आला. कार्यकाळ सुरक्षित झाला की न्यायालय स्वतंत्र झाले, असे मी बराच काळ धरून चाललो होतो. तसे नसते. तीन उमेदवारांची यादी आजही सदस्य राष्ट्रच पाठवते, त्यातून युरोप परिषदेची, म्हणजे हे न्यायालय ज्या संघटनेचे आहे तिची, संसदीय सभा एकाला निवडते, आणि निकालांच्या अंमलबजावणीवर सरकारांच्याच प्रतिनिधींची समिती देखरेख ठेवते.

म्हणून न्यायाधीशाइतकेच अर्जदाराकडे पाहा. अरुशाच्या आफ्रिकी न्यायालयात न्यायाधीश स्वतःच्या देशाच्या खटल्यात बसत नाही. ही तरतूद स्ट्रासबर्गपेक्षा कडक आहे. परंतु व्यक्तीने थेट अर्ज करण्यासाठी राष्ट्राची वेगळी घोषणा लागते. ती रवांडाने २०१६ मध्ये मागे घेतली आणि २०१९ मध्ये टांझानियाने, म्हणजे ज्या देशात हे न्यायालय बसते त्यानेच. न्यायाधीश तेच राहिले, नव्या अर्जदारांची वाट मात्र बंद झाली. युरोपात हा वैयक्तिक अर्जाचा हक्क १९९८ मध्ये प्रोटोकॉल ११ ने सर्व सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक केला, आणि माझ्या मते कार्यकाळाच्या सुधारणेपेक्षा ती घटना मोठी आहे.

बाजारातील तयार टिपणांवर विसंबू नका. मार्गदर्शक पुण्या-मुंबईचाच हवा असेही नाही; त्याने मूळ निकाल वाचलेले असावेत, एवढे पुरे. स्ट्रासबर्गचे निकाल हुडॉक या संग्रहात विनामूल्य मिळतात. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जातात, तेव्हा मे महिन्यातच उतरवून ठेवा.

सुरुवात मात्र पेरूपासून करा. १९९९ मध्ये त्या सरकारने आंतर-अमेरिकी न्यायालयाचे अधिकारक्षेत्र तत्काळ सोडल्याचे जाहीर केले, तेव्हा कोस्टा रिकातील सान होसे येथे बसणाऱ्या या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ते अमान्य केले: बाहेर पडायचे असेल तर अमेरिकी मानवी हक्क करारच संपूर्ण सोडावा लागेल आणि त्यासाठी वर्षभराची पूर्वसूचना द्यावी लागेल. सत्ताबदलानंतर २००१ मध्ये पेरू परतला. हा निकाल लहान आहे, भाषा सोपी आहे, आणि पहिल्याच वाचनात तो बराचसा समजतो.