घरफोडीचा तपास: डीबीत नव्याने आलेल्यांसाठी

डीबीत, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात, नव्याने आलेल्या पोरापोरींना आरोपी उचलायची घाई असते. माझी बहुतेक नोकरी डीबीतच गेली, म्हणून सांगतो. सराईत घरफोड्या आज ना उद्या कुठल्या तरी गुन्ह्यात सापडतो. पण तो सुटणार की शिक्षा भोगणार, हे जागेवरच्या पहिल्या तासात आणि जप्तीच्या पंचनाम्यात ठरतं.

जागेवर पोहोचलात की शेजारीपाजारी घरभर फिरत असतात. त्यांना नीट सांगून बाहेर काढा. आधी फोटो, मग बाकी सगळं. कडीकोयंडा उचकटला असेल तर खुणेशेजारी मोजपट्टी ठेवून जवळून फोटो घ्या आणि तुटलेला कोयंडा जप्त करा. पुढे आरोपीकडे कटावणी मिळाली तर प्रयोगशाळेत ती या खुणेशी ताडून पाहता येते.

कपाटाच्या दाराला घरातल्या सगळ्यांचे हात लागलेले असतात. ठसे शोधायचे ते घरच्यांचा हात सहसा जात नाही तिथे: खिडकीच्या काढून ठेवलेल्या काचेच्या दोन्ही बाजू, लॉकरच्या खणाचा तळ, गादीवर उपडा केलेला दागिन्यांचा डबा. ठसेतज्ज्ञ येईपर्यंत तिथे बोट लावायचं नाही, लावूही द्यायचं नाही. घरच्यांचे ठसे मात्र त्याच दिवशी घ्या, म्हणजे ते वगळता येतात. काचेवर रक्त दिसलं तर सुकू द्या आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना खराब होतो.

फिर्याद घेताना ‘सोन्याचे दागिने अंदाजे पाच तोळे’ असं लिहून मोकळे होऊ नका. मंगळसूत्राच्या वाट्या कशा आहेत, साखळीला डाग कुठे दिलाय, कानातल्याचा एखादा मोती बदललाय का, हे बाईंना शांतपणे विचारा. लग्नकार्यातला फोटो मागा. 1 एप्रिल 2023 पासून सोनाराला हॉलमार्कचा दागिना सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्यावर कोरलेला त्याचा स्वतंत्र ओळख नंबर, असल्याशिवाय विकता येत नाही. पावतीवर तो नंबर असेल तर फिर्यादीत उतरवा आणि सराफांना लगेच कळवा. सोनं एकदा वितळून लगड झाली की ती कुणाची, हे कुणीच ओळखू शकत नाही.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरमालकाने बोट दाखवलं म्हणून धुणीभांडी करणाऱ्या बाईंना ठाण्यात आणून बसवू नका. वस्तीत बातमी पसरते आणि चार घरची कामं सुटतात. विचारपूस करायची तर साक्षीदार म्हणून, त्यांच्या घरी जाऊन करा. स्त्री साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलावताच येत नाही, कायदाच तसा आहे.

सीसीटीव्ही बघताना डीव्हीआरवरची, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यावरची, वेळ आपल्या मोबाइलशी ताडून फरक पंचनाम्यात लिहा. आरोपी पळताना कुठे गेला ते सगळेच बघतात. मी आधी तो आला कुठून ते बघायचो. काम करताना तोंड बांधलेलं असतं, पण रेकी करताना टपरीवर चहा पिताना चेहरा उघडा असतो. फुटेज घेतलं की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह, म्हणजे फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह, तेव्हाच घ्या. नंतर दुकानदार सापडत नाही.

आता जप्ती. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही. याच अधिनियमाच्या कलम 23 च्या परंतुकात, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 27 मध्ये, एवढीच सोय आहे: ताब्यातल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट उघड झाली, तर तिच्याशी थेट संबंध असलेलं बोलणं चालतं. ब्रिटिश काळातल्या प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोटय्या निकालापासून हेच सूत्र आहे. म्हणून ‘मी ते घर फोडलं’ हे बाद होतं. ‘मंगळसूत्र खोलीच्या पत्र्याखाली ठेवलंय, काढून देतो’ हे टिकतं. पंच निवेदनाच्या आधी हजर हवेत, आणि दर वेळी तेच ते पंच नकोत. निवेदन त्याच्याच शब्दांत लिहा, वेळ टाका, सह्या घ्या, मगच गाडी काढा. जागेवर आरोपीने पुढे चालायचं आणि त्यानेच वस्तू काढून द्यायची. जागा तुम्हाला आधीच माहीत असेल तर त्याच्या बोलण्याने काही उघड झालं असं होत नाही. बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 105 प्रमाणे झडती, यादी आणि सह्या या सगळ्याचं चित्रीकरण हवं. मोबाइलवर चालतं. वजन पंचांसमोर करा, लेबलवर त्यांच्या सह्या घ्या आणि लाखेची मोहोर लावा. आणि हात उचलू नका. मार वाचवण्यासाठी माणूस न केलेला गुन्हाही कबूल करतो, आणि खरा चोर मोकळा फिरतो.

मुद्देमाल मिळाला की फिर्यादीला स्वतः फोन करून कोर्टात अर्ज करायला सांगा. खटला संपेपर्यंत दागिना ठाण्याच्या कपाटात ठेवायची गरज नसते. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलंय की सविस्तर पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन माल लवकर परत द्यावा, पंधरा दिवस ते महिन्याच्या वर ठाण्यात ठेवू नये. फोटो आधीच काढून ठेवा, आणि कोर्टाने म्हणणं मागवलं की त्याच दिवशी ‘हरकत नाही’ लिहून द्या.