बाबांच्या स्कूटरला साइड व्हील लावताय? या चुका टाळा

सत्तरीकडे झुकलेल्या माणसाची स्कूटर एकदा सिग्नलला उभ्या उभ्या कलंडली, की घरात लगेच ठरतं, "आता साइड व्हील लावून टाकू." हेतू चांगलाच असतो. पण ही जादा चाकं एकच काम करतात: थांबलेल्या किंवा अगदी सावकाश चाललेल्या गाडीचा तोल सांभाळणं. गुडघे कुरकुरतात, पायात पूर्वीसारखा जोर नाही, शंभर किलोंहून जड गाडी पायावर तोलवत नाही, अशांना त्यांचा खरा उपयोग. मोतीबिंदूमुळे समोरचं धूसर दिसत असेल, बीपीच्या गोळीनंतर गरगरत असेल, मागचा हॉर्न ऐकू येत नसेल, तर कितीही चाकं लावा, धोका हटत नाही. त्रास नेमका कशाचा आहे हे न बघता किटची चौकशी सुरू करणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी डोळे, कान आणि चक्कर यांची तपासणी करून घ्या, फिटरकडे नंतर जा.

‘चाळीस वर्षं गाडी चालवतोय, मला काय शिकवता?’

जुनी सवयच इथे आडवी येते. दुचाकीवर वळताना आपण नकळत गाडी आत झुकवतो. साइड व्हीलची गाडी तशी झुकत नाही. ती रिक्षासारखी हँडलने वळवावी लागते. वेग जास्त राहिला तर आतल्या बाजूचं चाक उचललं जातं आणि गाडी बाहेरच्या अंगाला उलटू शकते. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, वळताना अंग आतल्या बाजूला न्यायचं आणि कट मारणं कायमचं विसरायचं.

त्याहून घातक सवय पाय टेकण्याची. सिग्नल जवळ आला की डावा पाय आपोआप खाली येतो. आता त्या पायाच्या बरोबर मागे एक चाक आहे. गाडी पुरती थांबायच्या आत पाय टेकला, की ते चाक टाचेवर चढतं आणि घोटा पिरगळतो. या वयात घोट्याचं हाड मोडलं तर माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो. रिकाम्या मैदानात रोज थोडा वेळ फक्त एवढाच सराव करून घ्या: गाडी चालवायची, थांबवायची, दोन्ही पाय फूटबोर्डवरच. पाय खाली येणं थांबल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. आणि चप्पल नको, बूट हवेत.

रुंदीचंही भान नव्याने यावं लागतं. हँडल जिथून सहज निघतं, तिथून मागची चाकं निघतीलच असं नाही. बस आणि डिव्हायडर यांच्या फटीतून गाडी काढणं आता बंद. खड्डा चुकवण्याचीही पद्धत बदलते. पुढचं चाक खड्ड्याच्या बाजूने गेलं तरी साइडचं नेमकं त्यात उतरतं.

किट बसवताना फक्त भाव बघणं

स्कूटरचं मूळ मागचं चाक बहुतेक किटमध्ये जागेवरच राहतं आणि गाडीला ढकलण्याचं काम तेच करतं. जादा चाकं ताठ दांड्यावर आणि जरा खाली बसवली असतील, तर सोसायटीच्या गेटपाशी गटाराची पन्हळ ओलांडताना गंमत बघा. दोन्ही साइड व्हील काठांवर टेकतात, मधलं चाक अधांतरी होतं, इंजिन रेस होतं आणि गाडी जागची हलत नाही. गाडी अडकते हे एक वेळ चालेल, पण मागचा ब्रेकही त्याच मधल्या चाकावर असतो. चाक जमिनीला नीट टेकलेलं नसेल तर तो ब्रेक दाबून उपयोग काय? उलट चाकं फार वर असली तर गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलते आणि चालवणारा घाबरून हँडल घट्ट धरतो.

म्हणून दोन्ही साइड व्हीलना स्वतंत्र शॉकअप आहेत का ते बघा. सांगाडा चेसिसला बोल्टने कसलाय की कुठे वेल्डिंग मारलंय, त्या चाकांचे टायर-ट्यूब गावात मिळतात का, हे विचारा. थोडे दिवस चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा कसून घ्या. ट्रायल गुळगुळीत रस्त्यावर नको. स्पीडब्रेकर, कडेला उतार असलेला रस्ता आणि वजनदार माणूस मागे बसवून घ्या. कडेला उतार असला की अशी गाडी त्या बाजूला ओढते, आणि ते हँडल सतत धरून ठेवणं दुखऱ्या खांद्याला झेपतंय का हे तिथेच कळतं.

आईसाठीही एक गोष्ट तपासा. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईचे पाय नेमके साइड व्हीलच्या वर येतात. फूटरेस्ट नीट नसेल, चाकावर पूर्ण मडगार्ड नसेल, तर पदर किंवा निऱ्या चाकात जाऊ शकतात.

रिव्हर्स आणि उतार

साध्या पेट्रोल स्कूटरला रिव्हर्स नसतो. पार्किंगमध्ये पुढून घातलेली गाडी मागे खेचायची तर खाली उतरून खेचा, तीही किटच्या वजनासकट. गुडघ्यासाठी चाकं लावली आणि जोर पुन्हा गुडघ्यावरच! रिव्हर्सची सोय असलेलं किट शोधा, किंवा चेतक, आयक्यूबसारख्या रिव्हर्स असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरचा विचार करा. मात्र किट लावल्यावर वॉरंटी राहते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. उतारावर गाडी सरकू नये म्हणून ब्रेक लॉकही हवाच.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. ‘सगळेच लावतात’ हे दुकानदाराचं उत्तर अपघातानंतर विमा कंपनीपुढे टिकत नाही. किटचे पैसे देण्याआधी आरटीओत विचारा, आरसीवर नोंद करून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा. लायसन्सही बघा: २०१९च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे ते एका वेळी ५ वर्षांसाठीच मिळतं. ‘नंबर प्लेट लागत नाही’ असं सांगून तीनचाकी इलेक्ट्रिक गाडी विकणारा भेटला, तर गाड्यांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयचं किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र मागा.

परदेशातल्या मंडळींना पर्याय बरेच आहेत, पण तिथेही ‘तीन चाकं म्हणजे पडायची भीती नाही’ हे खरं नाही. पियाजिओ एमपी३ किंवा यामाहा ट्रायसिटी पुढे दोन चाकांच्या असल्या तरी दुचाकीसारख्या झुकतात. एमपी३ला थांबल्यावर झुकणं लॉक करता येतं. ट्रायसिटी १२५ला तशी सोय नाही, तिथे पाय टेकावाच लागतो. कॅन-ॲम स्पायडर आणि हार्लेची ट्राय ग्लाइड झुकत नाहीत, स्वतः उभ्या राहतात आणि दोन्हींना रिव्हर्स मिळतो. अमेरिकेत मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा तीनचाकीसाठी वेगळा कोर्स आहे. गाडी बुक करण्याआधी तो करून घ्या, कारण तिथे आपल्या गुडघ्या-खांद्यांची परीक्षा होऊन जाते.