जुना बॉयलर बदलताय? आधी या चुका टाळा

पाणी तापवून ते खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये (भिंतीलगतच्या लोखंडी पट्ट्यांत) फिरवणारा आणि घर गरम ठेवणारा बॉयलर बहुतेक वेळा ऐन थंडीतच दगा देतो. मग घरभर कुडकुडणं सुरू, आणि जो तंत्रज्ञ आज येईल तो सांगेल ते खरं. पहिली चूक हीच. बॉयलर दहा-बारा वर्षांचा झाला की चौकशी उन्हाळ्यातच करून ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे नुसतं वय बघून त्याला निवृत्त करणं. बिघडलंय काय, ते आधी बघा. आतल्या पाण्याच्या प्रेशरचंच घ्या. थंड असताना काटा 1 ते 1.5 बारवर (बार म्हणजे प्रेशरचं माप) हवा. गरम झाल्यावर तो 3 पर्यंत चढत असेल, बाहेरच्या नळीतून पाणी ठिबकत असेल आणि सकाळी काटा पुन्हा शून्याजवळ येत असेल, तर बहुधा एक्सपान्शन टाकीतली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेलेली असते. या टाकीला गाडीच्या ट्यूबसारखा वॉल्व असतो. त्याची पिन दाबल्यावर पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय. काहीच आलं नाही तर कदाचित हवा भरूनही भागेल. दोन्ही दुरुस्त्या नव्या बॉयलरपेक्षा कितीतरी स्वस्त. हे न बघता रोज पाणी भरत राहिलात तर ताज्या पाण्यासोबत ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात.

त्या गंजाचाच पुढे काळा गाळ होतो. रेडिएटर वर गरम आणि खाली गार लागतो तो त्यामुळे. (वरून गार असेल तर आत हवा अडकलीय, ती काढणं पाच मिनिटांचं काम.) गाळ न धुता नवा बॉयलर जोडणं ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते. जुन्याला ज्याने खाल्लं, तेच नव्याच्या पोटात जातं.

'जुना होता तेवढ्याच क्षमतेचा द्या' असंही म्हणू नका. मधल्या काळात खिडक्या बदलल्या असतील, छताला इन्सुलेशन झालं असेल. मोठा बॉयलर सारखा चालू-बंद होतो, इंधन खातो आणि लवकर झिजतो. खोल्याखोल्यांतून किती उष्णता बाहेर जाते त्याचा हिशेब मागा.

बचतीचे आकडेही तपासून घ्या. कार्यक्षमता 70 टक्क्यांवरून 90 वर गेली तर इंधन साधारण 22 टक्के कमी लागतं, हे खरं. पण रेडिएटरमधून बॉयलरकडे परतणारं पाणी सुमारे 55 अंशांच्या खाली असेल तरच कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता वापरणारा प्रकार) ती उष्णता नीट परत मिळवतो. बॉयलरचं पाणी 80 अंशांवर लावून ठेवलंत तर पैसे मोजून जुनाच कारभार.

मुख्य हीट एक्सचेंजरला (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला) तडा गेला असेल किंवा सुटे भागच मिळत नसतील, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका. आणि गॅसची निळी ज्योत पिवळी दिसू लागली, आसपास काजळी धरली, तर बदलायचा की नाही हा विचार नंतर. बॉयलर लगेच बंद करा, खिडक्या उघडा आणि अधिकृत तंत्रज्ञाला बोलवा. अशा ज्योतीतून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.