मधकाढणीची घाई नको

भुदरगड-राधानगरीकडे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, पेट्यांचं काम करायला निघालात, तर धुराडं कसं धरायचं, राणी कशी ओळखायची हे प्रशिक्षणात शिकवतीलच. गाडं अडतं ते काढणीला.

मार्च-एप्रिलात जांभूळ फुलतं, मधकोठा, म्हणजे पेटीतला मध साठवायचा कप्पा, जड होतो आणि पेटीवाला म्हणतो, "भरलंय की, काढा आता." त्याला पैशाची नड असते. तरीही हो म्हणू नका. जड पोळ्यातला मध पिकलेला असतोच असं नाही. माशा पंखांनी वारा घालून रसातलं पाणी उडवतात आणि मगच पोळ्यातल्या घरावर मेणाचं झाकण बसवतात. पोळं ज्या लाकडी चौकटीत असतं, तिच्यातली निदान पाऊण घरं झाकलेली हवीत. उरलेल्या घरांसाठी चौकट आडवी धरून हलका झटका द्या; थेंब उडाले तर चौकट परत आत. काढलेल्या मधाचा ओलावा रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर मोजा. ओलावा २० टक्क्यांच्या वर असेल तर यीस्टला रान मोकळं: फेस येतो, आंबूस वास सुटतो, बरणीचं झाकण फुगतं. दुकानातून असा एक खोका परत आला की अख्खी वाडी पेट्यांवरचा विश्वास गमावते. वळवानंतर दमट हवेत काढणी नकोच. उघडा मध हवेतलं पाणी ओढतो. आटवून पाणी उडवा म्हणणारे गुरू भेटतील. मधाचा वास आणि दर दोन्ही जातात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

पिल्लांच्या कोठ्यातला मध माशांचा, त्याला हात लावायचा नाही. पावसात फुलोरा नसेल तेव्हा साखर-पाणी समान वजनानं घेऊन पाक करा आणि संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. बाहेर सांडला तर दुसऱ्या पेटीच्या माशा लुटायला येतात. रिकामी पोळी काढा, नाहीतर मेणकिडा शिरतो. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत.

जंगल वाचवा म्हणून भाषण देऊ नका, कुणी ऐकत नाही. मधाचे पैसे हातात पडले की फुलोऱ्याआधी लागलेला वणवा आपल्याच खिशाला लागतो हे लोकांना दिसतं, आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढायला माणसं मिळतात. पण तुम्हीच ढोली फोडून वसाहती पकडायला लागलात तर कसं व्हायचं? जुनं मेण चोळलेली रिकामी पेटी झाडाच्या सावलीत ठेवा आणि थव्याची वाट बघा. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय पेटी ठेवायची नाही.

पहिल्या वर्षी दर घरामागे दोनच पेट्या. अनुदान मिळतंय म्हणून दहा घेणाऱ्याला पावसाळ्यात एकही नीट बघता येत नाही. माशा पेटी सोडून गेल्या तरी घाबरू नका. उपासमार, मुंग्या किंवा मेणकिड्यानं त्रासली की सातेरी उठतेच. पेटी खरवडा, उन्हात वाळवा, पुढच्या थव्याच्या मोसमात पुन्हा मांडा.