बऱ्याच वर्षांनी पुन्हा क्यू हातात घेताना

बऱ्याच वर्षांनी पुन्हा स्नूकर खेळायला सुरुवात करतोय म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात : "रोज दोन-चार फ्रेम (डाव) खेळ, हात आपोआप बसेल." नाही बसत. नजर लवकर परत येते, पण क्यू (बॉल मारायची काठी) सरळ चालवायची सवय मोडलेली असते, आणि तशाच हाताने फ्रेममागून फ्रेम खेळलं की वाकडं मारणंच अंगवळणी पडतं. नऊ वर्षांच्या खंडानंतर मी अडीच महिने असेच घालवले. तुमचे तरी जाऊ नयेत. इथे उदाहरणं स्नूकरच्या टेबलावरची आहेत, पण पूल आणि बिलियर्ड्सलाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

आधी टिप, म्हणजे क्यूच्या टोकावरची चामड्याची टोपी, बदला. जुनी टिप वाळून गुळगुळीत झालेली असते, चॉक (टिपेला घासायचा खडू) धरत नाही. क्यू वाकलाय का ते एक डोळा मिटून मागून पुढे बघून घ्या. वाकला नसेल तर नवीन घेऊ नका, जुन्याचं वजन हाताच्या ओळखीचं आहे.

मधल्या काळात चष्मा लागला असेल तर त्याचा विचार आधीच करा. शॉटला वाकल्यावर आपण काचेच्या वरच्या कडेतून बघतो आणि नेमकी तिथेच चष्म्याची फ्रेम आडवी येते. १९८५ची जागतिक स्पर्धा शेवटच्या काळ्या बॉलवर जिंकणाऱ्या डेनिस टेलरचा चष्मा उलटा घातल्यासारखा दिसायचा, तो याच कारणासाठी उंच काचांचा बनवलेला होता. सुरुवातीला अर्ध्या तासाच्या वर खेळू नका, मान आणि कंबर लगेच बोलायला लागतात.

आता मुख्य काम. टेबल पूर्ण रिकामं करा. पांढरा बॉल (क्यूने मारायचा तो) तपकिरी बॉलच्या स्पॉटवर, म्हणजे तो ठेवायच्या खुणेवर, ठेवा. तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा हे चारही स्पॉट एकाच सरळ रेषेत असतात. पांढरा त्या रेषेवरून मारा, समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागून तो परत आला पाहिजे आणि मारल्यावर जिथे क्यू थांबवलात तिथेच टिपेला येऊन टेकला पाहिजे. जोर फक्त परत येण्यापुरता. मारल्यानंतर बॉल परत येईपर्यंत मान, खांदा, क्यू काहीही हलवायचं नाही. बारा फुटी टेबलावर जाऊन-येऊन एवढं अंतर कापताना केसभर चूकही उघडी पडते.

चूक कोणती, हे बॉलच सांगतो, फक्त जातानाचा आणि येतानाचा रस्ता वेगवेगळा बघा. जातानाच तो गुलाबी स्पॉटच्या बाजूने निघून गेला तर क्यू मुळात चुकीच्या दिशेला होता, म्हणजे उभं राहण्यात गडबड आहे. उठा, दोन पावलं मागे जा, रेषा बघा आणि रेषेवर चालत येऊन पुन्हा वाका. वाकल्यावर क्यू सरकवून दिशा सुधारू नका. पण जाताना चारही स्पॉटवरून गेला आणि कुशनला लागल्यावर उजवीकडे सरकला, तर तुम्ही पांढऱ्याच्या मध्याच्या उजवीकडे मारलंत, नकळत साइड (आडवी फिरकी) लागली. डावीकडे आला तर डावी साइड.

माझा प्रत्येक बॉल उजवीकडे परत यायचा. तोवर मी नेमाला दोष देत होतो, एक क्यूसुद्धा बदलून झाला होता. एका जुन्या खेळाडूने माझे चार-पाच शॉट शांतपणे बघितले आणि म्हणाला, "मारायच्या आधी बोटं बघ." टिप पांढऱ्याला लागायच्या क्षणी माझी मूठ आवळली जात होती. मूठ आवळली की मनगट आत वळतं, क्यूचा मागचा भाग अंगाकडे येतो आणि ब्रिजच्या (क्यू टेकवलेल्या पुढच्या हाताच्या) पुढे टिप उजवीकडे जाते. शॉट झाल्यावर तसंच थांबून मागच्या हाताची नखं बघा. पांढरी पडली असतील तर तुमचाही हाच आजार आहे.

उपाय असा. क्यू बोटांवर टेकलेला हवा, बोटांत दाबलेला नको. पेनने लिहिताना जेवढा जोर लागतो तेवढाच. क्यू मागे जाताना शेवटची दोन बोटं उघडू द्या, पुढे येताना ती आपोआप मिटतात, मुद्दाम मिटवू नका. क्यू पूर्ण मागे गेला की क्षणभर थांबा. तेवढ्यात नजर पांढऱ्यावरून समोरच्या बॉलवर न्या (या सरावात समोरच्या कुशनवर) आणि मग मारा. हा थांबा गाळणाऱ्यांचाच हात घाईत आवळला जातो. नजर शेवटी पांढऱ्यावर ठेवा असं सांगणारेही भेटतील, त्यांचं ऐकू नका.

दहापैकी सात वेळा बॉल टिपेला येऊन टेकेपर्यंत एकही रंगीत बॉल टेबलावर ठेवायचा नाही. मला याला तीन आठवडे लागले, रोज वीस मिनिटं. हे कंटाळवाणं आहे, पण इथे तडजोड केलीत तर पुढचं सगळं वाया जाईल. वाकड्या हाताने पॉट करायला (बॉल पॉकेटमध्ये घालायला) लागलात की डोळे नेम वाकडा धरून ती चूक भरून काढायला शिकतात. हळू मारलेले बॉल पडतात, आपल्याला वाटतं जमलं, आणि जोर बदलला की तोच पॉट पॉकेटच्या जबड्यातून बाहेर येतो. दोन चुकांवर उभा राहिलेला खेळ सुधारायला पहिल्यापेक्षा दुप्पट त्रास होतो.

एखाद्या चांगल्या दिवशी सगळं पडेल, त्यानेही फसू नका. २०१२ला निवृत्त झालेला स्टीफन हेंड्री २०२१च्या मार्चमध्ये परतला तेव्हा पहिल्याच सामन्यात त्याने शतकी ब्रेक (एकाच खेपेत शंभरावर गुण) केला, पण सामना १-४ असा हरला. सात वेळा जगज्जेता झालेल्या माणसाचा हात एका ब्रेकपुरता परत आला, सामनाभर टिकला नाही.

त्यानंतर स्टॉप शॉट. पॉकेटच्या सरळ रेषेत एक रंगीत बॉल ठेवा, एक फुटावर पांढरा. पॉट झाल्यावर पांढरा जागीच थांबला पाहिजे. थांबून जागच्या जागी गरगर फिरत असेल तर साइड अजून लागतेय, परत रिकाम्या टेबलावर जा. जमलं की अंतर दोन फूट, मग चार फूट करा. अंतर वाढेल तसं पांढऱ्याला थोडं खाली मारावं लागतं, कारण कापडावर घासत जाताना मागची फिरकी संपते आणि बॉल पुढे लोळायला लागतो.

अँगलचे पॉट स्वतःहून परत येतात. हाफ बॉल, म्हणजे क्यूचं टोक समोरच्या बॉलच्या कडेवर धरून मारलेला शॉट, तेवढा पन्नासेक वेळा मारा. टच (हाताचा अंदाज) आणि पोझिशनसाठी (पांढरा पुढच्या शॉटला सोयीच्या जागी थांबावा म्हणून) निळ्यापासून काळ्यापर्यंत लाल बॉल रांगेत लावून साफ करत राहा.

महिनाभराने कुणाबरोबर तरी फ्रेम खेळा. पहिल्या दहा फ्रेममध्ये स्कोअर लिहू नका. बॉल थांबेपर्यंत तुम्ही किती शॉटला खाली वाकलेलेच राहिलात, तेवढं मोजा. ज्या फ्रेममध्ये हा आकडा घसरेल, तिच्या दुसऱ्या दिवशी पांढरा पुन्हा तपकिरीच्या स्पॉटवर ठेवा.