(अ + ब) चा वर्ग आणि हरवलेले चोवीस

माध्यमिक वर्गांना गणित शिकवू लागले तेव्हा एकही चूक न होता पार पडलेला तास म्हणजे चांगला तास, अशी माझी समजूत होती. फळ्यावर रीत मांडायची, तिच्यासारखीच पाच उदाहरणे द्यायची आणि भराभर उत्तरे देणाऱ्या चार-पाच मुलांच्या आधाराने पुढे सरकायचे, असे वर्षभर चालले. उरलेला वर्ग मान खाली घालून केवळ उतरवून घेत होता, हे उत्तरपत्रिका तपासायला बसल्यावर कळले आणि फार वाईट वाटले. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी एवढेच सांगते की चुकीच्या उत्तरापाशी थांबायला शिका. बहुतेक चुकांमागे मुलांचा काहीतरी विचार असतो, आणि तो समजल्याशिवाय केलेली दुरुस्ती वहीतच राहते.

(अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, असे मुले दरवर्षी लिहितात. सूत्र पुन्हा घोकून घेतले की ही चूक चार दिवस दबते आणि परत डोके वर काढते. एकदा मी एका मुलीला अ च्या जागी ३ आणि ब च्या जागी ४ घालून पाहायला सांगितले. एकीकडे ७ चा वर्ग ४९ आला, तर दुसरीकडे ९ आणि १६ मिळून २५. बराच वेळ वहीकडे पाहत राहून ती म्हणाली, “मग मधले चोवीस गेले कुठे?” उत्तर न सांगता मी तिला चौकटीच्या कागदावर ७ चौकटी बाजूचा चौरस आखायला लावला आणि लगतच्या दोन बाजू ३ व ४ अशा विभागून आडवी-उभी रेघ मारायला सांगितली. ९ चौकटींचा एक चौरस, १६ चौकटींचा दुसरा, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत प्रत्येकी १२ चौकटींचे दोन आयत. ते दोन्ही आयत तिने कात्रीने कापून हातात धरले, आणि ‘अ वर्ग + २अब + ब वर्ग’ या सूत्रातले ‘२अब’ तिला पहिल्यांदा दिसले.

या चुकीला आपले बोलणेही कारणीभूत असते, हे मला फार उशिरा उमगले. ‘अ अधिक ब चा वर्ग’ असे आपण घाईत म्हणतो तेव्हा वर्ग एकट्या ब चा की संपूर्ण बेरजेचा, हे कानाला कळत नाही. फळा नीट न दिसणाऱ्या मुलाला तर कानाचाच आधार असतो. तेव्हापासून मी ‘कंसात अ अधिक ब, कंस पूर्ण, संपूर्ण कंसाचा वर्ग’ असे म्हणते आणि बोट दाखवून ‘हे इकडे न्या’ म्हणणे टाळते.

बरोबरीच्या चिन्हाची गोष्टही अशीच आहे. ८ + ४ = □ + ५ या उदाहरणात चौकटीत १२ लिहिणारी मुले मोठ्या वर्गातही भेटतात, कारण त्यांच्या लेखी या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ एवढाच असतो. वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये हे चिन्ह छापले, तेव्हा दोन समांतर रेघांइतक्या समान अशा दुसऱ्या कोणत्याही दोन गोष्टी नाहीत, असे त्यामागचे कारण दिले होते. मी ते वर्गात आवर्जून सांगते. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम त्यानंतरच यावा. आधी दोन्ही बाजूंतून तीच संख्या वजा करून समतोल राखण्याची सवय लागली, तर पक्षांतर, म्हणजे पद एका बाजूकडून दुसरीकडे नेणे, ही जादू वाटत नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबणेही शिकावे लागते. अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. शिक्षक तीन सेकंद थांबू लागले तेव्हा अधिक मुले बोलू लागली आणि उत्तरेही लांबली. मी मनात पाच आकडे मोजते. सुरुवातीला ती शांतता सोसवत नाही, तरीही थांबावे.

हुशार मुले कंटाळतील, ही भीती नव्या शिक्षकांना हमखास वाटते. त्यांना वेगळे आणि इतरांना सोपे उदाहरण देण्याचा मार्ग मला पटत नाही, कारण आपल्याला सोपे मिळाले हे मुलांना लगेच कळते. त्याऐवजी कोणालाही सुरू करता येईल असा एकच प्रश्न सर्वांना द्यावा. परिमिती २४ असलेले आयत काढा आणि सर्वांत जास्त क्षेत्रफळ कोणाचे ते शोधा, हा माझा आवडता प्रश्न. कोणी १ आणि ११, २ आणि १० असे तक्ते भरत ६ आणि ६ पर्यंत येते. कोणी साडेपाच आणि साडेसहाही घालून पाहते. एकदा शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, तोपर्यंत कधीही हात वर न केलेल्या मुलाने बाजू ६ + क्ष आणि ६ − क्ष मानल्या, गुणाकार ३६ वजा क्ष वर्ग आणला आणि म्हणाला, “वर्ग वजाच होत राहणार, म्हणून ३६ च्या वर जाताच येणार नाही.” त्याला मी फळ्यापाशी बोलावले आणि खडू त्याच्या हातात दिला.