लिंबावरच्या अळीचे फुलपाखरू घरी कसे वाढवावे

नागपुरात ज्यांच्या अंगणात लिंबाचे झाड, संत्र्याचे कलम किंवा गोडलिंब आहे, त्यांना लिंबू फुलपाखराची अंडी शोधायला दूर जावे लागत नाही. पावसाळ्यात कोवळ्या पालवीवर मोहरीएवढे, फिकट पिवळे, एकेकटे घातलेले अंडे दिसले की ते पानासकट खुडून आणावे. मे महिन्यात हा खटाटोप करू नये, कारण आपल्याकडच्या झळांत खुडलेले पान पाहता पाहता वाळते.

तीन-चार दिवसांत अळी निघते. तिला रोज ताजी पाने द्यावीत आणि डबा झाडून घ्यावा. फवारणी केलेल्या झाडाचे पान मात्र एकही देऊ नये. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ही अळी चौथी कात टाकल्यावर हिरवीगार होते.

खरी कसोटी यानंतर लागते. पूर्ण वाढलेली अळी अचानक खाणे सोडते, पातळ विष्ठा टाकते आणि तासन्‌तास भटकत राहते. ती आजारी नसते, कोष करण्यासाठी जागा शोधत असते. डब्यात खरखरीत काड्या तिरक्या उभ्या करून ठेवाव्यात आणि तिला तिची जागा निवडू द्यावी. काडीवर रेशमाची छोटी गादी विणून ती त्यात शेपटाकडचे टोक अडकवते, करदोट्यासारखा एक धागा अंगाभोवती घेते आणि बाक काढून निश्चल होते. या अवस्थेत साधारण दिवसभर राहून ती शेवटची कात टाकते, तेव्हा कोष दिसतो. तोवर तिला बोटही लावू नये.

पहिल्या वर्षी मी अशीच एक निश्चल अळी, डब्याच्या कोपऱ्यात अडचण होईल म्हणून, उचलून दुसरीकडे ठेवली. धागा तुटला, कोष तळाशी पडून राहिला आणि त्यातून निघालेल्या फुलपाखराचे उजवे पंख चुरगळलेल्या ओल्या कापडासारखे तसेच वाळले. ते कधीच उडाले नाही. कोषातून निघताना पंख मऊ व दुमडलेले असतात. फुलपाखरू वर चढून लोंबकळते, अंगातील द्रव पंखांच्या शिरांत ढकलते आणि मगच ते पसरतात. त्यासाठी पकड घेण्याजोगा पृष्ठभाग आणि खाली मोकळी जागा लागते, म्हणून गुळगुळीत प्लास्टिकचा डबा या टप्प्यावर मला मुळीच मान्य नाही.

कोष पडलाच, तर जाड कागदाची पुंगळी करून ती खरखरीत कापडावर उभी टाचावी आणि कोष शेपटाकडून तीत ठेवावा, डोके वर राहू द्यावे. कोष फोडून फुलपाखराला ‘मदत’ करण्याचा सल्ला जो देईल, त्याचे अजिबात ऐकू नये.

फुलपाखरू साधारण आठ-दहा दिवसांत निघते. थंडीत मात्र काही आठवडेही लागू शकतात, म्हणून कोष मेला असे समजून फेकू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी कोषाच्या पातळ कवचातून पंखांवरचे काळे-पिवळे ठिपके दिसू लागतात. बहुधा सकाळी ते बाहेर येते. पंख वाळेपर्यंत दोनेक तास थांबावे आणि ऊन आले की डबा बागेत उघडा ठेवावा.